पहिली नस आणि नानांचा खोकला

"डोळे मिटा आणि उजवी नाकपुडी बोटानं दाबून धरा, आई," पूनम म्हणाली.

"नाक दाबं ते मी श्वास कसा लेसू?"

"एकच बाजू दाबायची आहे. दुसरी उघडीच आहे ना!"

सुंदरबाईंनी ओट्यावरच्या खाटेवर मांडी घातली, पदर सारखा केला आणि डोळे इतके घट्ट मिटले की कपाळावरचं कुंकूसुद्धा खाली सरकलं. सून पहिल्यांदाच काहीतरी मागत होती, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पूनमच्या लग्नाला आठच महिने झाले होते. ती धुळ्याला फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती, तिथंच होस्टेलला राहायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं सासरी यायची. सासर अमळनेर-पारोळा रस्त्यावरच्या एका गावात होतं. नवरा हितेंद्र नोकरीला सुरतेत. म्हणजे सासरी येऊन ती भेटायची ती फक्त सासू-सासऱ्यांना, आणि त्यातल्या सासऱ्यांशी तिचं काही जमत नव्हतं.

या शनिवारी तिच्या पिशवीत जर्नल होतं. मेंदूतून निघून थेट डोक्या-चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. वास, नजर, चव, ऐकणं, गिळणं, सगळा कारभार त्यांच्याकडे. साठीच्या वरच्या एका धडधाकट माणसाच्या बाराच्या बारा जोड्या तपासून सोमवारी जर्नल सादर करा, असं बोरसे सरांनी सांगितलं होतं. "केस सामान्य पाहिजे. आधी सामान्य काय असतं ते शिका, रोग नंतर भरपूर भेटतील," असं ते वर्गात नेहमी म्हणत. पूनमला सासूच आठवली. वय एकसष्ट, सुईत दोरा चष्म्याशिवाय, आणि दात सगळे जागेवर.

पहिली जोडी वासाची. पूनमनं डबी उघडून सुंदरबाईंच्या डाव्या नाकपुडीखाली धरली.

सुंदरबाईंनी दोनदा हुंगलं. चार हातांवर, दाराच्या उंबऱ्यावर पेपर वाचत बसलेले सासरे, म्हणजे जीवराम नाना, सहज बोलल्यासारखे बोलले, "तोतारामनं सकायपासून पोट दुखी ऱ्हायनं म्हने. वायू धरी बसना."

"हिंग!" सुंदरबाई म्हणाल्या.

"बरोबर!" पूनमनं दुसरी डबी धरली.

"मनी दाढ आज भलती ठनकी ऱ्हायनी," नानांनी पेपराचं पान उलटलं.

"लवंग."

"नाना, जरा शांत बसता का? त्यांचं लक्ष विचलित होतं," पूनम म्हणाली. नाना शांत बसले. तिनं तिसरी वस्तू धरली आणि नानांना एकदम आंघोळीची आठवण झाली. "नहावाले पानी तापनं का वं?" त्यांनी विचारलं. सुंदरबाईंनी डोळे न उघडता सांगितलं, "साबन शे." चौथ्या वस्तूला मात्र नाना बराच वेळ पेपरात अडकले. मग म्हणाले, "पूनमना बाबा उनथात तवय त्या काय पेयनात व्हतात? च्या ते पेतच नहीत."

"कॉफी!"

चारपैकी चार. पूनमच्या वर्गातल्या मुलींनासुद्धा एकमेकींवर प्रयोग करताना दोनच्या वर ओळखता आले नव्हते. तिनं पेननं लिहिलं, "पहिली जोडी: चारपैकी चार, सामान्य." मग राहवेना म्हणून पुढं लिहिलं, "उत्तम."

नानांचा तिला राग आला होता, पण तो आजचा नव्हता. हा माणूस स्वयंपाकघराच्या दारातून हलत नसे. सुंदरबाई चुलीपाशी किंवा गॅसपाशी गेल्या की नाना पेपर घेऊन उंबऱ्यावर हजर. फोडणी टाकली की खोकायचे. पूनमनं टाकली तरी खोकायचे. तिच्या माहेरी, जळगावात, वडिलांना घरात मीठ कुठं असतं हेसुद्धा माहीत नव्हतं. सासरा आपल्या फोडणीवर पहारा देतो, हे तिनं हितेंद्रला फोनवर तीनदा रडून सांगितलं होतं. "नानांना जुना खोकला आहे गं," तो म्हणाला. "जुना नाही, मोहरी तडतडली की येतो," ती म्हणाली होती.

पुढच्या नसा भराभर झाल्या. पाचवीला चेहऱ्यावर कापसाची वात फिरवून स्पर्श कळतो का ते बघायचं होतं. पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला, त्यामुळे सामानाची अडचण नव्हती. सातवी चेहऱ्याची.

"आता दात दाखवा, आई."

सुंदरबाईंनी तोंडावर पदर घेतला. "ह्यासना समोर?"

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. नानांनी पेपर डोळ्यांसमोर धरला आणि पाठ फिरवली, तेव्हा कुठं दात दिसले. अकराव्या जोडीला खांदे वर उचलायचे होते आणि तपासणाऱ्यानं ते वरून दाबून धरायचे होते. सुंदरबाईंनी खांदे उचलले, तशी पूनम टाचांवरून उठली. बाराव्या जोडीला जीभ बाहेर काढायची होती. इथं सुंदरबाई अडून बसल्या, कारण ओट्यावरून समोर खंडोबाच्या देवळाचा कळस दिसत होता.

"देवले जीभ दखाडू? पाप लागी!"

मग खाट फिरवली. आता तोंड रस्त्याकडे झालं. सुंदरबाईंनी जीभ मुळापासून बाहेर काढली आणि नेमकी तेव्हाच डोक्यावर गवताचा भारा घेऊन धुरपदाबाई समोरून गेली.

"ओ माय! काय व्हयनं वं सुंदरबाई?"

जीभ बाहेर असल्यामुळे सुंदरबाईंना बोलता येईना. पूनमच सांगू लागली, "काही नाही काकू, डोक्याच्या बारा नसा तपासते आहे."

धुरपदाबाईचं घर दोनशे पावलांवर. भारा उतरेपर्यंत बातमी तयार होती. सुंदरबाईच्या डोक्याच्या नसांना काहीतरी झालं. पिठाच्या गिरणीपाशी बारातल्या सहा गेल्या. ग्रामपंचायतीपाशी जीभ बाहेर आली ती आत जाईना. तिथून बातमी फोनवर चढली आणि चोपड्याला सुंदरबाईंच्या धाकट्या बहिणीकडे, कमलबाईकडे, पोहोचली. कमलबाई घरच्या केळीची फणी काखेत घेऊन, मिळेल त्या एसटीनं, वाटभर रडत संध्याकाळी दारात उतरली. बघते तर सुंदरबाई सुपात शेंगदाणे पाखडत होत्या.

"अक्का, तुनी जीभ?"

"तोंडमाच शे. तुनी बरी शे ना?"

पाठोपाठ तोताराम आला. हा नानांचा चुलतभाऊ. उद्या चंपाषष्ठी होती. गावात खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असायचा, आणि तो झाला की देवळामागच्या मळ्यात सगळ्या गावाला भरीत. त्याची व्यवस्था तोतारामकडे. तो उगाच उभ्या-उभ्या घाम पुसत म्हणाला, "वयनी, यंदा तुमी खाटवर बठा. आराम करा. धुरपदाबाई देखी ली."

सुंदरबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

हे काय होतं, ते सांगायला हवं. शेकडो वांगी, पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळलेल्या कापसाच्या झाडांचा मोठा जाळ, आणि त्यात ती एकदम भाजायची. बोट लावून बघता येत नाही, उलटून बघता येत नाही. लवकर काढली तर कच्ची, उशीर झाला तर कडू. कधी काढायची ते वासावरून ठरतं. गेली तीस वर्षं सुंदरबाई त्या जाळाशेजारी डोळे मिटून उभ्या राहत, आणि त्यांनी "काढा!" म्हटलं की पोरं बांबूनं वांगी बाहेर ओढत. वर्षात एवढा एक दिवस सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. बाकीचे दिवस त्या शेतात, गोठ्यात आणि चुलीपाशी असत, आणि तिथं त्यांच्याकडे कुणी बघत नसे.

"मना नाकले काय धाड भरनी?" त्यांनी विचारलं, पण आवाज बारीक झाला होता.

पूनमला ते सहन झालं नाही. ती घरात जाऊन जर्नल घेऊन आली. "काका, हे वाचा. मी स्वतः तपासलं आहे. वासाची नस. सामान्य. उत्तम."

तोतारामनं चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली आणि नानांकडे बघितलं. नाना कौलांकडे बघत होते. "डॉक्टरीनबाईनी लिखी दिधं, मंग आपन कोन बोलनार!" तोताराम मिशीत हसला. "उद्या वयनीच. बठ्ठं ठरनं."

त्या रात्री कमलबाईला घरात जागा करून देताना नाना ओट्यावर झोपले. मार्गशीर्षातली थंडी. सकाळी ते उठले तेव्हा नाक लाल, डोळे लाल, गळ्याभोवती मफलर. तरीही सुंदरबाई पोह्याला कढई ठेवायला गेल्या तसे ते शिंकत शिंकत उंबऱ्यावर येऊन बसले.

पूनम आंघोळीहून आली ती वासामुळे धावतच. कढईत मोहरीचा कोळसा झाला होता, हिंग जळून काळा पडला होता आणि निळा धूर खिडकीबाहेर चालला होता. सुंदरबाई पाठमोऱ्या उभ्या राहून निवांत कांदा चिरत होत्या. दारात नाना मफलर नाकाला लावून बसले होते. दोघंही अगदी खुशीत.

पूनमनं गॅस बंद केला. "आई, फोडणी जळाली. कधीची!"

"जयनी?" सुंदरबाईंनी कढईकडे बघितलंच नाही. त्यांनी बघितलं नानांकडे.

"मले काही समजनं नही वं," नाना ओशाळून म्हणाले. "नाक बंद शे."

पूनम एकदा सासूकडे, एकदा सासऱ्यांकडे बघत राहिली. मग तिनं मसाल्याच्या डब्यातून एक लवंग उचलली. "आई, डोळे मिटा. नाना, तुम्ही भिंतीकडे तोंड करा."

नाना शाळेत पकडलेल्या पोरासारखे भिंतीकडे वळले. पूनमनं लवंग सुंदरबाईंच्या नाकाखाली धरली. बाहेर कमलबाई फोनवर चोपड्याला, जीभ आत आहे, जीभ आत आहे, असं मोठमोठ्यानं सांगत होती.

"काय आहे, आई?"

सुंदरबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. "काहीच नही, बेटा. मले काहीच येत नही."

"कधीपासून?"

"करोनाना टायमले ताप उनथा नही का? ताप गया, तवयपासून. चार वरीस व्हयनात. वास परत उनाच नही."

"आणि कुणाला सांगितलं नाही?"

"सांगं असतं ते मले त्या भरीतना जायजवय कोन उभं करी?"

भिंतीकडे तोंड करूनच नाना बोलू लागले. "एक डाव गॅस चालूच ऱ्हायना व्हता. मी पानी पेवाले उनू म्हनीसन समजनं. तवयपासून बठस आठे. खोकना म्हंजे फोडनी व्हयनी. दोनदा खोकना म्हंजे जयनी." ते थांबले, शिंकले. "तुनी फोडनी नही देखत व्हतू, बेटा. तुनी फोडनीले बी सवयमुये खोकाई जाये. तुले राग येस, ते मले दिसे. पन हिनी शपथ दिधी व्हती."

पूनमला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. आठ महिने ज्या पहाऱ्याबद्दल तिनं नवऱ्याचं डोकं खाल्लं, तो पहारा तिच्यावर नव्हताच. तिनं नानांना खांद्याला धरून वळवलं आणि वाकून त्यांच्या पाया पडली. नाना एवढे गडबडले की त्यांनी आशीर्वाद द्यायच्या ऐवजी तिच्यावर शिंक दिली.

"पण मिरची?" पूनमला एकदम आठवलं. "ठेचा तर तुमचा कधीच बिघडत नाही."

"मिरचीना ठसका कयस मले. नाकमा झोंबस."

"ती पाचवी नस, आई! झोंबणं तिच्याकडे असतं. ती तुमची ठणठणीत आहे."

"आसं का?" सुंदरबाईंना जरा बरं वाटलं. "जिभले मीठ कयस, तिखट कयस. बाकी भरीत म्हंजे मले नुसता मऊ घास. चार वरीस पासून बठ्ठा गावले खावाडस, पन कसं लागस ते मले याद बी नही."

पूनम फरशीवर बसली. जर्नलमध्ये याला एक शब्द होता आणि तो परवाच पाठ केला होता. आत्ता तो आठवावा असं तिला वाटलं नाही.

प्रश्न दुपारचा होता. नानांचं नाक बंद होतं, आणि दुसरं खात्रीचं नाक घरात एकच होतं.

"मी उभी राहते तुमच्याजवळ," पूनम म्हणाली. "पण मला तो वास माहीत नाही. तुम्ही शिकवा."

मग परसात सहा वांगी आणि पऱ्हाट्यांचा छोटा जाळ असा वर्ग भरला. कमलबाईला देवळात फुलं घेऊन पिटाळलं. सुंदरबाई जाळासमोर डोळे मिटून बसल्या आणि चार वर्षं न आलेला वास आठवून आठवून सांगू लागल्या.

"पयले हिरवा वास ई. तो सोडी दे. मंग साल जयस, कागद पेटस तसा वास. आठेच बठ्ठा लोक फसतस. काढानं नही. मंग वास जरासा थांबस. आनि त्याना मांगे धुरना पोटमातून एक गोड वास निंघस. मना माहेरना चुल्हाना. तवय 'काढा' म्हनानं."

"तुमच्या माहेरच्या चुलीचा वास मला कसा कळणार, आई?"

"मंग तुना माहेरना चुल्हा याद कर."

"माझ्या माहेरी सिलिंडर आहे!"

पहिलं वांगं कच्चं निघालं, दुसरंही कच्चं. तिसऱ्याचा कोळसा झाला. चौथ्याला पूनमला शिंक आली आणि नानांनी हळूच विचारलं, "तुले बी सर्दी व्हयनी का?" सुंदरबाईंनी लगेच सुनेच्या कपाळाला हात लावून पाहिला. पाचवं गेलं. सहाव्याला हिरवा वास आला, कागदाचा आला, मग काहीच येईना. आणि त्या काहीच नसण्याच्या मागून पूनमला एकाएकी वडिलांचं लाँड्रीचं दुकान दिसलं. सकाळी सकाळी पाणी शिंपडलेल्या शर्टावर बाबा तापलेली इस्त्री फिरवायचे, आणि ती दप्तर घेऊन शेजारी उभी असायची.

"काढा!" ती ओरडली.

सुंदरबाईंनी वांगं फोडलं. आतून वाफ निघाली. त्यांनी बोटानं गर दाबून पाहिला आणि सुनेच्या गालाला तेच बोट लावलं. "हाऊच तो वास!"

दुपारी मळ्यात गाव जमलं होतं. पऱ्हाट्या कडाकडा पेटल्या. बांबू घेतलेली पोरं सभोवती उभी, तोताराम मध्ये. सुंदरबाई नेहमीच्या जागी. एका बाजूला मफलर गुंडाळलेले नाना, दुसऱ्या बाजूला हातात पाण्याचा तांब्या घेतलेली पूनम. ठरलं असं की वास आला की पूनमनं एकदा खोकायचं.

ही योजना घरात फार छान वाटली होती. मळ्यात वारा फिरला आणि धूर थेट माणसांवर आला. धुरपदाबाई खोकली. कमलबाई खोकली. सरपंच खोकले. पूनमनं घाईघाईनं तांब्या खाली ठेवला, सासूचा हात हातात घेतला आणि कानात म्हटलं, "खोकला रद्द. हात दाबीन." सुंदरबाईंनी मान हलवली. पण तेवढ्यात शेजारी नाना खोकले, आणि चार वर्षांची सवय ती! सुंदरबाईंचं तोंड आपोआप उघडलं.

"का..."

पोरांनी बांबू खाली घातले. पूनमनं सासूच्या पायावर पाय दिला.

"का... काड्या टाका आजून दोन!" सुंदरबाई ओरडल्या.

"थांबा रे!" तोतारामनं हात वर केला. पोरं थांबली. पूनमच्या एक लक्षात आलं, पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. तोताराम सुंदरबाईंकडे बघत नव्हता, नानांकडेही नाही. तो तिच्याकडे बघत होता.

तिनं डोळे मिटले आणि सवयीनं उजवी नाकपुडी बोटानं दाबली. सगळ्या गावासमोर नवी सून एक नाकपुडी धरून उभी राहिली. हिरवा वास गेला. कागद पेटला. तिला वाटलं, आता, पण ती थांबली. मग वास थांबला. तो इतका वेळ थांबला की तिनं एक डोळा उघडून जाळाकडे पाहिलं. उशीर झाला असेल तर शेकडो वांगी कडू होतील, आणि पुढच्या वर्षी या जागेवर धुरपदाबाई असेल. आणि मग धुराच्या आतून बाबांची इस्त्री आली.

तिनं हात दाबला.

"काढा!" सुंदरबाईंचा आवाज देवळापर्यंत गेला.

पंगत बसली. भरीत, रोडगे, वर कांद्याची पात. पूनम सासूच्या शेजारी बसली. सुंदरबाईंनी घास घेतला आणि नेहमीसारख्या गुपचूप चावू लागल्या. पूनमनं स्वतः एक घास घेतला आणि अगदी हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.

"आधी धूर लागतो, आई. मग लसूण. लसूण जरा जास्त आहे. मग वांग्याचा गोडवा येतो, शेंगदाणा दाताखाली येतो, आणि शेवटी पुन्हा थोडासा धूर."

सुंदरबाईंनी डोळे मिटले. चावता चावता त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "हां," त्या म्हणाल्या. "तसंच ऱ्हास ते. लसून कमलनी टाका व्हई, तिना हात जड शे."

वाढता वाढता तोताराम पूनमच्या पानापाशी वाकला. भरीत वाढण्याच्या निमित्तानं त्यानं तोंड तिच्या कानाशी नेलं. "तुनं पयलं वरीस म्हनीसन जरा टाइम लागना. भाऊ एक खोकलामा सांगी देतस."

पूनमच्या हातातला घास हातातच राहिला. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"बठ्ठासले माहीत शे, पुरा गावले. चार वरीस पासून पोरं भाऊना खोकलावर बांबू धरतस. पन 'काढा' वयनीनीच म्हनानं. दुसरं कोनी म्हने ते आमनं भरीत गोड लागाव नही." त्यानं आणखी एक पळी वाढली. "काल जीभ बाहेर उनी म्हने, तवय मी खरंच घाबरनू. आज भाऊले सर्दी, म्हनीसन तुनाकडे देखी ऱ्हायंतू. वयनीले सांगू नको, बरं का."

पूनमनं पंगतीवरून नजर फिरवली. धुरपदाबाईनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि रोडगा मोडला. पलीकडे सुंदरबाई सरपंचांना ऐटीत सांगत होत्या, "वासवरथीन समजस मले. सवय शे."

सोमवारी धुळ्याला बोरसे सरांनी जर्नल उघडलं. पहिल्याच रकान्यात "सामान्य, उत्तम" यावर रेघ मारलेली होती आणि खाली नव्यानं लिहिलं होतं, "रविवारी पुन्हा तपासलं: दोन्ही बाजूंनी वास नाही, चार वर्षांपासून, तापानंतर. मिरचीचा ठसका शाबूत, कारण पाचवी जोडी सामान्य." रुग्णाचं नाव नव्हतं, जर्नलमध्ये ते नसतंच. स्त्री, वय एकसष्ट.

"मी सामान्य केस सांगितली होती," सर म्हणाले.

"हो सर."

"ठसक्याचं निरीक्षण चांगलं आहे. पण हे काय? शनिवारी चारपैकी चार, रविवारी शून्य?"

"शनिवारी नाना शेजारी होते, सर."

सरांना काही कळलं नाही. ते शेवटच्या रकान्यापर्यंत वाचत गेले. तिथं छापलेलं होतं, "दैनंदिन अडचण व सध्याची सोय". त्यापुढं पूनमनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "अडचण: फोडणी, गॅस, भरीत. सध्याची सोय: नवरा. नवऱ्याला सर्दी असल्यास सून. सून धुळ्याला असल्यास गाव."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग सहीसाठी पेन उघडून त्यांनी विचारलं, "हे सगळं रुग्णाला माहीत आहे?"

"पहिल्या दोन सोयी माहीत आहेत, सर," पूनम म्हणाली. "तिसरी सांगायची नाही असं ठरलंय."